पुलाखालून खोलीपर्यंत : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आम्ही पुण्यात राहणारे नऊ जण आहोत, पाच निवृत्त, दोन गृहिणी आणि दोन महाविद्यालयीन विद्यार्थी. गेले वर्षभर दर रविवारी रात्री आम्ही आमच्या भागातील उड्डाणपुलाखाली राहणाऱ्या पंचवीस-तीस लोकांना जेवण नेऊन देतो. आता त्यांच्या डोक्यावर छप्पर यावे असे आम्हा सर्वांना वाटते आणि त्यासाठी थोडी वर्गणीही जमली आहे. पण सुरुवात कोठून करावी हे कळत नाही. सरकारी योजनेतून घर मिळते का? महापालिकेच्या रात्र निवाऱ्यात चला म्हटले, तर बहुतेक जण नाही म्हणतात, याचे कारण काय असावे?
– एक वाचक, पुणे

उत्तर : वर्षभर ठरल्या वारी, ठरल्या वेळी तुम्ही तेथे जात आहात, हेच तुमचे सर्वांत मोठे भांडवल आहे. रस्त्यावर राहणाऱ्या माणसाकडे येणारी माणसे बहुधा एकदाच येतात. कोणी वाढदिवसानिमित्त ब्लँकेट वाटायला येते, तर कोणी हुसकावून लावायला. तुम्ही पुन्हा पुन्हा गेलात, म्हणून तुमच्याशी ते खरे बोलतील. तेव्हा पुढचे चार रविवार जेवण देऊन लगेच परतू नका. खाली बसा आणि प्रत्येकाची माहिती एका वहीत लिहून घ्या : काम कोणते करतात, सकाळी किती वाजता निघतात, शहरात केव्हा आले, गावी कोण आहे, जवळ कोणते कागद आहेत, आणि खोली मिळालीच तर ती कोठे असली तर ते खरोखर राहायला जातील. शेवटचा प्रश्न विचारायला विसरू नका, कारण तो सहसा कोणीच विचारत नाही. फोटो काढू नका आणि झोपलेल्याला उठवू नका.

ही नोंद रात्री अकरानंतर केली तर चित्र वेगळे दिसते. दुकानांची शटरे खाली आल्यावर पथाऱ्या पसरल्या जातात आणि संध्याकाळी न दिसलेली माणसे दिसू लागतात. एकट्या बायका मुलांना घेऊन एटीएमच्या किंवा औषधांच्या दुकानाच्या दिव्याखाली झोपतात, कारण उजेड असला की थोडी सुरक्षितता असते. पुष्कळ जण चपला उशाखाली घेऊन झोपतात, कारण सकाळी चपला गेलेल्या असल्या तर त्या दिवशी कामावर जाता येत नाही. जनगणनेतही बेघरांची मोजणी रात्रीच होते. २०११ साली ती २८ फेब्रुवारीच्या रात्री झाली आणि देशभरात सुमारे १७.७ लाख माणसे बेघर असल्याची नोंद झाली. त्यांतील दोन लाखांहून अधिक महाराष्ट्रातील होती. एका रात्रीच्या मोजणीतून सुटणारी माणसे पुष्कळ असतात, आणि तुमच्या वहीत नेमकी तीच येऊ शकतात.

अशा मोजणीने काय साधते, याचे उदाहरण मुंबईत घडलेले आहे. पदपथावरील झोपड्या हटवण्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जुलै १९८५ मध्ये निकाल दिला. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील घटनापीठाने उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, हे मान्य केले. मात्र रीतसर नोटीस देऊन पदपथ मोकळे करण्याचा महापालिकेचा अधिकारही कायम ठेवला. त्याच वर्षी भायखळा परिसरात काम करणाऱ्या स्पार्क या संस्थेने पदपथांवरील सुमारे ६,००० कुटुंबांची पाहणी केली. पाहणीतून दिसले, की ही कुटुंबे काल-परवा गावाहून आलेली नव्हती. कित्येक वर्षांपासून तेथेच राहणारी, चालत कामावर जाणारी आणि शहराला स्वस्तात श्रम पुरवणारी ती माणसे होती. पुढे पदपथावरील बायकांनी महिला मिलन ही आपली संघटना उभी केली, रोजच्या रोज चार-आठ आणे बाजूला टाकून बचत केली आणि आपल्याला कसे घर हवे याचे नमुने स्वतः उभारून लोकांना दाखवले. उंच छत आणि आत पोटमाळा, म्हणजे लहान जागेतही दोन पिढ्यांना वेगळे झोपता येईल, ही त्यांची मागणी होती. मानखुर्दला मिलन नगर या नावाने त्यांची वसाहत झाली. तेथवर पोहोचायला वर्षानुवर्षे लागली, हेही तुमच्या गटाने मनाशी धरून ठेवावे.

काम आणि घर यांतील अंतराबाबत आमच्या गटाने केलेली चूक येथे सांगतो, म्हणजे ती तुमच्याकडून होणार नाही. मंडईत हमाली करणारे एक गृहस्थ आणि त्यांची पत्नी यांच्यासाठी आम्ही शहराबाहेर, भाडे कमी म्हणून, एक चांगली खोली घेतली. पाण्याचा नळ आत होता, खिडकीही होती आणि आम्ही सर्व जण समाधानी होतो. तीन आठवड्यांनी ती दोघे पुन्हा पुलाखाली आली. माल पहाटे चारला उतरतो, त्या वेळी बस नसते, आणि रिक्षाला दिवसाच्या कमाईचा निम्मा भाग जात होता. त्यांनी खोली सोडली नव्हती, आम्हीच त्यांना कामापासून तोडले होते. पुढच्या वेळी मंडईपासून चालत पंधरा मिनिटांवर, निम्म्या आकाराची, नळ बाहेर असलेली खोली शोधली. ती अजून त्यांच्याकडे आहे.

रात्र निवाऱ्याला नकार येतो तो बहुधा अशाच कारणांनी. कचरा वेचणाऱ्या माणसाला भंगाराच्या गोण्या निवाऱ्यात नेता येत नाहीत आणि बाहेर ठेवल्या तर चोरीला जातात. त्या गोण्यांत त्याची दोन दिवसांची मजुरी असते. नवरा-बायकोला वेगवेगळ्या निवाऱ्यांत जावे लागते. रात्रपाळीच्या माणसाला दिवसा झोपायला जागा हवी असते आणि दार सकाळी बंद होते. वास्तविक सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली दिलेल्या आदेशांनंतर जी मार्गदर्शक तत्त्वे ठरली, त्यांनुसार शहरातील दर एक लाख लोकसंख्येमागे शंभर माणसांची सोय असलेला, बारा महिने चोवीस तास उघडा राहणारा एक निवारा हवा आणि तेथे दर माणशी ५० चौरस फूट जागा हवी. पुणे महापालिकेची लोकसंख्या २०११ सालीच ३१ लाखांच्या पुढे होती. या हिशेबाने त्याच वेळी ३१ निवारे असायला हवे होते. आपल्या शहरात प्रत्यक्षात किती आहेत, त्यांतले महिलांसाठी व कुटुंबांसाठी किती, आणि दिवसा किती उघडे असतात, हे महापालिकेच्या समाजविकास विभागाला दहा रुपयांच्या माहिती अधिकाराच्या अर्जाने विचारा. हे काम तुमच्या गटातील निवृत्तांनी घ्यावे. कार्यालयातली भाषा आणि चिकाटी दोन्ही त्यांच्याकडे असते. तोपर्यंत निवाऱ्यात एखाद्या रविवारी स्वतः जाऊन बसा, तेथील काळजीवाहकाशी ओळख करून घ्या. ज्यांना निवारा सोयीचा आहे त्यांच्यासाठी तो खोलीकडे जाण्याचा पहिला टप्पा होऊ शकतो.

तसे होण्याचे एक कारण कागद हे आहे, आणि तुमच्या वेळेचा सर्वांत मोठा भाग यातच जाणार आहे. एका आजीबाईंनी आम्हांला आपली शिधापत्रिका दाखवली ती धुऊन वाळवलेल्या दुधाच्या पिशवीत गुंडाळून, वर दोन रबर लावून ठेवलेली होती. तरी एका पावसाळ्यात पाणी आत गेले आणि शाई पसरून गावाचे नाव तेवढे उरले. पत्रिका पतीच्या नावावर होती आणि पतीचा मृत्यू कोठेही नोंदलेला नव्हता. त्यांच्या वयाचा दाखला, आधार, निराधार पेन्शन, बँकेचे खाते, भाडेकरार हे सारे त्या ओल्या कागदापाशी येऊन थांबले होते. एका सरकारी कार्यालयात आम्हांला पाच वेळा परत पाठवण्यात आले. सहाव्या वेळी आमच्यातील एक निवृत्त शिक्षिका आजींच्या शेजारी दिवसभर बाकावर बसून राहिल्या आणि अर्जावर पोच घेऊनच उठल्या. आजी त्याआधी तीन वर्षे एकट्या त्याच खिडकीवर जात होत्या.

आधार नसेल तर मान्यताप्राप्त निवाऱ्याच्या प्रमुखाने ठरलेल्या नमुन्यात दिलेले प्रमाणपत्र ओळख व पत्ता यांसाठी चालते, म्हणून निवाऱ्याशी संबंध ठेवा असे म्हटले. अठरा वर्षांवरील व्यक्तीची पहिलीच आधार नोंदणी असेल तर ती ठरावीक केंद्रांवरच होते आणि नंतरच्या पडताळणीला वेळ लागतो. हे त्या व्यक्तीला आधीच सांगून ठेवावे, नाहीतर आपण फसवले असे तिला वाटते. मतदार नोंदणीसाठी तर पक्क्या पत्त्याचीही अट नाही. बेघर व्यक्तीने अर्ज क्रमांक ६ भरल्यावर बीएलओने (मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याने) रात्री त्या जागी जाऊन ती व्यक्ती तेथे खरोखर झोपते का हे पाहावे आणि तसे आढळल्यास पत्त्याचा पुरावा मागू नये, अशी निवडणूक आयोगाची सूचना आहे. हे अनेकदा अर्ज घेणाऱ्यालाही माहीत नसते. सूचनेची प्रत सोबत न्या. शिधापत्रिकेसाठी परिमंडळ कार्यालयात, खात्यासाठी जनधनची सोय असलेल्या बँकेत, असे प्रत्येक कामाला एकेक स्वयंसेवक नेमा आणि तो बदलू नका. दर वेळी नवा चेहरा गेला की त्या माणसाला आपली सगळी कहाणी पहिल्यापासून सांगावी लागते. सर्व कागदांच्या प्रती तुमच्यापैकी एकाच्या घरी, संबंधिताच्या परवानगीने, नावाच्या फाइलमध्ये ठेवा. मूळ कागद मात्र कधीही स्वतःकडे ठेवू नका.

सरकारी योजनेतून घर मिळते का, या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर असे, की मिळू शकते, पण लवकर नाही. प्रधानमंत्री आवास योजनेच्या शहरी भागात देशात कोठेही कुटुंबातील कोणाच्या नावे पक्के घर नसावे आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल गटात वार्षिक उत्पन्न तीन लाखांच्या आत असावे अशा अटी आहेत. पुलाखालच्या बहुतेकांना त्या सहज लागू पडतात. अडते ते लाभार्थ्याने भरायच्या हिश्श्यापाशी आणि बँकेच्या कर्जापाशी. म्हणून अर्ज जरूर भरा, पण त्याच्या भरवशावर कोणाला पावसाळा काढायला लावू नका. तुमची वर्गणी भाड्याच्या खोलीच्या डिपॉझिटसाठी राखून ठेवा. रोजंदारीचा माणूस दरमहाचे भाडे बहुधा देऊ शकतो. एकरकमी डिपॉझिट आणि एजंटाची दलाली त्याला कधीच जमत नाही. आम्ही डिपॉझिट गटाच्या नावे देतो आणि भाडेकरू दर महिन्याला थोडी थोडी रक्कम परत करतो, म्हणजे तोच पैसा पुढच्या खोलीला लागतो. पहिल्या दोन वर्षांत आमच्याकडून केवळ चार खोल्या लागल्या. पंचवीस जणांपैकी चौघांचे काम झाले तर ते कमी आहे, असे तुमच्या गटात कोणी म्हणेल. त्या चौघांना विचारल्याशिवाय तसे म्हणू देऊ नका.

शेवटी घरमालक एकच प्रश्न विचारतो, "यांना ओळखतं कोण?" गावाकडून आलेल्या आपल्या भाच्यासाठी आपण खोली बघायला जातो तेव्हा आपण स्वतः उभे राहतो, तेच त्याचे उत्तर असते. पुलाखालच्या माणसासाठी तुम्ही तसे उभे राहायचे आहे, स्वतःच्या नावानिशी आणि फोन नंबरानिशी.

प्रश्न : माझ्या दिवंगत सासूबाईंची ठाण्यातील चाळीतली खोली दोन वर्षे बंद आहे. ओळखीच्या एका स्वयंसेवक गटाने ती एका जोडप्याला भाड्याने द्याल का, असे विचारले आहे; हे जोडपे पूर्वी स्टेशनबाहेर राहत होते. मला द्यावीशी वाटते, पण घरचे घाबरतात. खोली पुढे परत मिळेल का, आणि शेजारी काय म्हणतील?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : तुमच्या घरच्यांची भीती रास्त आहे. प्रथम खोलीची कागदपत्रे पाहा. खोली मालकीची असेल तर प्रश्न सोपा आहे. ती पागडीची असेल तर चाळमालकाच्या लेखी संमतीशिवाय दुसऱ्या कोणालाही ठेवू नका, कारण पोटभाडेकरू ठेवल्याच्या कारणावरून तुमचाच हक्क धोक्यात येऊ शकतो. सासूबाईंच्या पश्चात वारसांची नावे लागली आहेत का, हेही याच वेळी तपासा.

मालकीची असल्यास लिव्ह अँड लायसन्सचा करार करा आणि तो नोंदवा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ प्रमाणे असा करार लेखी आणि नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे व नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. मुदत संपल्यावर जागा परत मिळवण्यासाठी याच कायद्यात सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाण्याची सोय आहे आणि मुदतीनंतर जागा अडवून ठेवणाऱ्याला दुप्पट शुल्क द्यावे लागते. ओळखीच्या भाडेकरूकडे बिनकागदी खोली देणारे अनेक मालक पुढे अडचणीत येतात. तुम्ही येथे त्यांच्यापेक्षा अधिक सुरक्षित असाल. पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहिती द्या, जशी इतर कोणाची दिली असती. स्वयंसेवक गटाकडून मात्र एक गोष्ट लिहून घ्या : भाडे थकले किंवा काही कुरबूर झाली तर गटातील कोणत्या दोन व्यक्तींना फोन करायचा आणि त्यांनी किती दिवसांत यायचे.

करारापूर्वी त्या दोघांना घरी चहाला बोलवा. घरच्यांची भीती कायद्याच्या कलमांपेक्षा या अर्ध्या तासाने अधिक कमी होईल, असे माझे मत आहे. शेजाऱ्यांना ते पूर्वी कोठे राहत होते हे सांगू नका. ते सांगायचे की नाही, आणि कोणाला, हे त्या दोघांनी ठरवायचे आहे. नळाची वेळ, जिन्याची झाडलोट, गणपतीची वर्गणी या गोष्टी मात्र पहिल्याच दिवशी समजावून द्या, कारण चाळीत खटके उडतात ते यावरूनच.

प्रश्न : आमचा गट कोल्हापुरात काम करतो. बसस्थानकाजवळ राहणाऱ्या एका पन्नाशीच्या सुताराला खोली मिळवून देण्यावरून आमच्यात दोन तट पडले आहेत. तो दारू पितो. काहींचे म्हणणे आहे की त्याने आधी दारू सोडावी, मगच खोली द्यावी. नाहीतर लोकांचे पैसे वाया जातील. आपले मत काय?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : माझे मत खोली आधी द्यावी असे आहे. दारू सोडल्यानंतरचे पहिले काही दिवस अंग थरथरते, झोप लागत नाही, कधी कधी फिट येते. रोज पिणाऱ्याने ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडली पाहिजे. ते दिवस एखाद्याने बसस्थानकाच्या फरशीवर काढावेत, ही अट आपण आपल्या घरातल्या माणसाला घातली नसती. १९९२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये एका संस्थेने क्रम उलटा केला. व्यसन किंवा आजार बरा होण्याची अट न घालता आधी घर दिले आणि उपचाराची मदत घरी पोहोचवली. बहुतेक जण घरात टिकून राहिले. फिनलंडने २००८ पासून हेच देशाचे धोरण केले आणि मोठमोठ्या सामायिक निवाऱ्यांचे रूपांतर स्वतंत्र सदनिकांत केले. आपल्याकडे सरकारकडून तेवढी घरे मिळणार नाहीत हे उघड आहे, पण एका सुतारासाठी एका खोलीचा प्रश्न नऊ-दहा माणसांना पेलण्यासारखा आहे.

तुमच्या गटातील दुसऱ्या बाजूची काळजी मात्र उडवून लावू नका. पैसे लोकांचे आहेत आणि हिशेब द्यावा लागतो. भाड्याची रक्कम त्याच्या हातात न देता थेट मालकाला द्या, त्याचा वाटा त्याच्याकडून आठवड्याला घ्या, कारण रोजंदारीत महिनाभर पैसे साठत नाहीत. त्याची हत्यारे कोठे आहेत याची चौकशी करा. रस्त्यावर आलेल्या कारागिराची हत्यारे बहुधा आधीच विकली गेलेली किंवा गहाण असतात. रंधा, करवत आणि पटाशी परत आली तर कामही येते. आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांना पहिली खोली दाखवली तेव्हा त्यांनी भिंती पाहिल्या नाहीत की नळ पाहिला नाही. दार ओढून घेऊन आतली कडी दोनदा लावून काढून पाहिली, आणि मग भाडे किती ते विचारले. त्यांची दारू पुढे सुटली, मध्ये दोनदा पुन्हा सुरू झाली, आणि त्या दोन्ही वेळी खोली होती म्हणून ते दवाखान्यात जाऊन परत येऊ शकले.

एक खुलासा करतो. त्याला दारूखेरीज मानसिक आजाराची लक्षणे असतील, म्हणजे तो स्वतःशी बोलत असेल किंवा स्वतःचे नाव-गाव सांगू शकत नसेल, तर मार्ग वेगळा आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ च्या कलम १०० नुसार अशा बेघर व्यक्तीला संरक्षण देऊन चोवीस तासांच्या आत शासकीय आरोग्य संस्थेत नेणे हे पोलिसांचे कर्तव्य आहे. तिला कोठडीत ठेवता येत नाही, आणि घरच्यांचा शोधही घ्यावा लागतो. कर्जत येथील श्रद्धा पुनर्वसन केंद्र अशा माणसांवर उपचार करून त्यांना घरी पोहोचवण्याचे काम अनेक वर्षे करत आहे. त्याचे संस्थापक डॉ. भरत वाटवानी यांना २०१८ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. तुमच्या पत्रावरून तसे दिसत नाही, तरी खोली पाहण्यापूर्वी जिल्हा रुग्णालयात एकदा त्याच्याबरोबर जाऊन या. तपासणीच्या दिवशी त्याला सकाळी लवकर भेटा, चहा-नाष्टा द्या आणि रांगेत त्याच्या शेजारी कोणीतरी बसा.